‘गिव्ह द लाय टू’: दावा खोटा पाडणारा इंग्रजी वाक्प्रचार कसा वाचावा, कसा लिहावा

इंग्रजी अग्रलेख, इतिहासाची पुस्तकं, पुस्तक-परीक्षणं वाचताना एक वाक्प्रचार अधूनमधून समोर येतो: ‘टू गिव्ह द लाय टू समथिंग’. सगळे शब्द शाळेत शिकलेले असतात, तरी वाचक इथे अडखळतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘लाय’ म्हणजे खोटं. दोन्ही जोडले की ‘थाप मारणे’ असा काहीतरी अर्थ लागतो आणि वाक्य नेमकं उलटं वाचलं जातं. खरा अर्थ आहे एखादा दावा, समज किंवा विधान खोटं असल्याचं दाखवून देणे. थाप मारणारा दुसराच कुणीतरी असतो. हा वाक्प्रचार त्याची थाप उघडी पाडणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतो.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत असे वाक्प्रचार शेकड्यांनी छापलेले असतात आणि प्रत्येकापुढे दोन-तीन शब्दांत अर्थ असतो. याद्या पाठ करून बहुपर्यायी प्रश्नात खूण बरोबर करता येते. पण त्याच विद्यार्थ्याला निबंधात तो वाक्प्रचार वापरायला सांगितला की तो थबकतो, कारण वाक्यात कर्ता कोण असावा, कर्म काय असावं, कुठल्या प्रसंगी तो शोभतो आणि कुठे भांडण ओढवून घेतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांचं यात फार नुकसान होतं असं मला वाटतं. म्हणून इथे एकच वाक्प्रचार घेतला आहे आणि तो वाक्यात सहज उतरेपर्यंत सोडायचा नाही असं ठरवलं आहे.

पहिली पायरी: खरं कुठे, खोटं कुठे

एक साधं वाक्य घ्या: ‘हिज बँक स्टेटमेंट्स गिव्ह द लाय टू हिज स्टोरी.’ त्याने काहीतरी कहाणी सांगितली आहे आणि बँकेच्या नोंदी वेगळंच सांगतात. म्हणजे त्याच्या बँकेच्या नोंदींनी त्याची कहाणी खोटी पाडली.

इथली रचना नीट पाहा. ‘गिव्ह’च्या आधी जे येतं ते खरं असतं. ‘टू’च्या नंतर जे येतं ते खोटं ठरतं. नोंदी खऱ्या, कहाणी खोटी. हा क्रम कधीच उलटत नाही. वाक्य कितीही लांबलचक असलं तरी ‘टू’वर बोट ठेवा. त्याच्या उजवीकडे जे आहे ते लेखक नाकारतो आहे, डावीकडे जे आहे त्याच्या जोरावर नाकारतो आहे. परीक्षेत उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना लेखकाचं मत काय, हे या एका खुणेवरून कळून जातं.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. ‘लाय’ हा शब्द असला तरी दावा करणारा माणूस जाणूनबुजून खोटं बोलत होता, असा आरोप आजच्या वापरात दरवेळी नसतो. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे ‘टायटॅनिक’ बुडालं. एवढं मोठं, आधुनिक जहाज बुडणं शक्य नाही असं अनेकांना मनापासून वाटत होतं. त्या रात्रीबद्दल इंग्रजीत असं लिहिता येईल: ‘द डिझास्टर गेव्ह द लाय टू द बिलीफ दॅट सच अ शिप कुड नॉट सिंक.’ असं मानणारे लबाड होते असं हे वाक्य म्हणत नाही. त्यांचा विश्वास फोल ठरला, एवढंच म्हणतं. खोटेपणा माणसाच्या हेतूत आहे की नुसत्या विधानात, हे भोवतालच्या मजकुरावरून ठरतं. हे लक्षात ठेवा, कारण मराठीत आणताना याच ठिकाणी शब्दाची निवड बदलते.

हा प्रयोग इतका धारदार का

याचा उगम युरोपातल्या मानापमानाच्या भांडणांत आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथल्या सरदार-दरकदारांमध्ये दुसऱ्याला तोंडावर ‘तू खोटं बोलतोस’ म्हणणं हा साधा वाद नव्हता. त्याला ‘गिव्हिंग द लाय’ म्हणत आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा तलवारीने द्यावं लागे. १५२८ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांच्यात असाच प्रसंग उभा राहिला. फ्रान्सिसने चार्ल्सला लेखी कळवलं की तुम्ही घशातून खोटं बोलला आहात, आणि द्वंद्वाचं आव्हान दिलं. ते द्वंद्व प्रत्यक्षात झालं नाही, पण दोन सार्वभौम राजे एका शब्दावरून शस्त्राची भाषा करू लागले होते.

हे शास्त्र पुढे इतकं बारीक झालं की शेक्सपिअरने १५९९ च्या सुमारास ‘ॲज यू लाइक इट’ या नाटकात त्याची थट्टा केली. त्यातला टचस्टोन नावाचा विदूषक खोटेपणाच्या आरोपाच्या सात पायऱ्या मोजून दाखवतो. सौजन्याचं उत्तर ही पहिली, आणि चढत चढत शेवटची ‘लाय डायरेक्ट’, म्हणजे थेट तोंडावरचा आरोप. पहिल्या सहांमधून निसटता येतं, सातवीतून नाही, असं तो म्हणतो, आणि लगेच जोडतो की ‘जर’ हा शब्द घातला की सातवीतूनही सुटका होते.

१७७७ मध्ये आयर्लंडमधल्या क्लॉनमेल इथे द्वंद्वाचे नियम लिहून काढण्यात आले. त्यात थेट खोटारडेपणाचा आरोप हा पहिला अपराध असेल तर आरोप करणाऱ्याने काय करायचं, हे ठरवून दिलं होतं. त्याने स्पष्ट शब्दांत क्षमा मागावी, किंवा आधी दोन गोळ्यांची देवाणघेवाण करून मग माफी मागावी, किंवा तीन गोळ्या झाडून मग खुलासा करावा. नाहीतर कुणी एक जबर जखमी होईपर्यंत गोळीबार चालू ठेवावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधून ही प्रथा गेली. वाक्प्रचार राहिला.

हा इतिहास सांगण्यामागे व्यवहारी कारण आहे. जुन्या मजकुरात तुम्हाला ‘ही गेव्ह हिम द लाय’ अशी रचना भेटेल. तिथे ‘टू’ नाही आणि कर्म माणूस आहे. त्याने त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं, एवढाच अर्थ. खोटेपणा सिद्ध झाला की नाही, हे त्यात नाही. आजच्या रचनेत ‘टू’ आहे, कर्म दावा आहे आणि खोटेपणा पुराव्याने दाखवला जातो. जुना अर्थ आरोपाचा आहे, नवा अर्थ सिद्धतेचा. वाचताना दोन्ही ओळखा, लिहिताना नवाच वापरा.

दुसरी पायरी: साचा

आजचा साचा असा: पुरावा, मग ‘गिव्ह’चं योग्य रूप, मग ‘द लाय टू’, मग दावा.

कर्त्याच्या जागी शोभणारे शब्द म्हणजे ‘फॅक्ट्स’, ‘फिगर्स’, ‘एव्हिडन्स’, ‘रेकॉर्ड’, ‘इव्हेंट्स’, ‘कंडक्ट’, ‘करिअर’. माणूस थेट कर्ता झाला तर वाक्य चुकत नाही, पण त्याची एखादी कृती किंवा नोंद कर्त्याच्या जागी आली की वाक्याला जोर येतो. ‘एव्हिडन्स’बाबत आपल्याकडे एक चूक नेहमी होते. मराठीत आपण ‘पुरावे’ म्हणतो म्हणून इंग्रजीत ‘एव्हिडन्सेस’ लिहितो. आजच्या प्रमाण इंग्रजीत हा शब्द एकवचनीच चालतो, म्हणून ‘द एव्हिडन्स गिव्हज’ असंच लिहायचं.

क्रियापद काळानुसार बदलतं: ‘गिव्हज’, ‘गेव्ह’, ‘हॅज गिव्हन’, ‘गिव्हिंग’. ‘द लाय’ मात्र बदलत नाही. ‘अ लाय’ केलं की अर्थ कोसळतो, ‘लाइज’ असं अनेकवचन करता येत नाही, मध्ये ‘बिग’सारखं विशेषणही घालता येत नाही. अमेरिकेत ‘पुट द लाय टू’ असंही लिहितात. ते वाचताना गोंधळू नका, अर्थ तोच आहे. स्वतः लिहिताना ‘गिव्ह’ घ्या, तो सगळीकडे चालतो.

मराठी भाषकाची सगळ्यात मोठी अडचण ‘टू’च्या नंतर येते. आपण सहज म्हणतो, ‘शेतकरी आळशी असतात हे या आकड्यांनी खोटं पाडलं.’ यातलं ‘हे’ पूर्ण वाक्याला कवेत घेतं. तसंच इंग्रजीत नेलं की ‘गिव्ह द लाय टू दॅट फार्मर्स आर लेझी’ असं अशुद्ध वाक्य होतं. ‘टू’च्या नंतर नाम हवं, थेट उपवाक्य चालत नाही. त्यामुळे मध्ये एक नाम ठेवा: ‘टू द क्लेम दॅट’, ‘टू द नोशन दॅट’, ‘टू द बिलीफ दॅट’, ‘टू द मिथ दॅट’. नाम निवडताना हात सैल सोडू नका. कुणी जाहीरपणे म्हटलं असेल तर ‘क्लेम’. समाजात रुजलेली समजूत असेल तर ‘बिलीफ’ किंवा ‘नोशन’. जात, लिंग, प्रदेश यांवरून लोकांवर मारलेला शिक्का असेल तर ‘स्टिरिओटाइप’. वरच्या शेतकऱ्यांच्या वाक्याला ‘स्टिरिओटाइप’ हाच शब्द नेमका बसतो.

कर्मणी रचना टाळा. ‘द क्लेम वॉज गिव्हन द लाय बाय’ असं कधीकधी छापलेलं दिसतं, पण ते अवघडलेलं वाटतं. खात्री थोडी कमी असेल तर ‘सीम्स टू गिव्ह द लाय टू’ किंवा ‘वुड सीम टू गिव्ह’ लिहा. टचस्टोनचा ‘जर’ आजच्या इंग्रजीत असा उरला आहे, आणि चांगले लेखक तो नेहमी वापरतात.

तिसरी पायरी: पुरावा दाव्याला पुरतो का

व्याकरण बरोबर असूनही वाक्य खोटं असू शकतं, आणि या वाक्प्रचाराच्या बाबतीत ते फार वेळा घडतं.

दावा ‘सगळे’, ‘कुणीच नाही’, ‘कधीच नाही’ अशा भाषेत असेल तर एक ठोस उदाहरण पुरतं. हंस पांढरेच असतात असं युरोपात मानलं जाई. १६९७ मध्ये विलेम दे व्लामिंग या डच दर्यावर्दीच्या मोहिमेला पश्चिम ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले आणि तो समज तिथेच संपला. पण दावा ‘बहुधा’, ‘जास्त प्रमाणात’, ‘धोका वाढतो’ असा असेल तर एका उदाहरणाने काहीच होत नाही. ‘आमचे आजोबा आयुष्यभर विड्या ओढून नव्वदीपर्यंत जगले’ या वाक्याने तंबाखूबद्दलचं वैद्यकीय मत खोटं पडत नाही, कारण विड्या ओढणारा प्रत्येकजण लवकर मरतो असं वैद्यकशास्त्राने कधी म्हटलेलंच नाही. डिसेंबरातली एक कडाक्याची थंडी जागतिक तापमानवाढ खोटी पाडत नाही, तेही याच कारणाने.

म्हणून लेखणी टेकवण्याआधी दावा एका वाक्यात लिहून काढा आणि त्याखाली पुरावा लिहा. मग विचारा: हा पुरावा खरा असताना तो दावाही खरा असू शकतो का? उत्तर ‘हो’ असेल तर हा वाक्प्रचार तुमचा नाही. तिथे ‘कॉल्स इंटू क्वेश्चन’ किंवा ‘कास्ट्स डाउट ऑन’ लिहा.

तंबाखूचाच खरा प्रसंग घेऊन हे करून पाहू. १४ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतल्या सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे शपथेवर उभे राहिले. निकोटिनचं व्यसन लागतं असं आपण मानत नाही, असं एकामागून एक सगळ्यांनी सांगितलं. त्यांतली एक कंपनी होती ब्राउन अँड विल्यमसन. याच कंपनीचे कायदेविषयक प्रमुख ॲडिसन येमन यांनी १९६३ मध्ये एक अंतर्गत टिपण लिहिलं होतं. निकोटिनचं व्यसन लागतं आणि आपण व्यसन लावणारं द्रव्य विकण्याच्या धंद्यात आहोत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १९९४ मध्येच कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली आणि हे टिपण जगापुढे आलं.

पहिल्या झटक्यात आपण लिहू: ‘द मेमो गिव्हज द लाय टू द क्लेम दॅट निकोटिन इज नॉट ॲडिक्टिव्ह.’ जरा थांबा. एका वकिलाने टिपणात काहीतरी लिहिलं म्हणून निकोटिनचा गुणधर्म सिद्ध होत नाही. तो सिद्ध केला शास्त्रीय अभ्यासांनी, आणि ते सगळे एकत्र मांडणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, अहवाल १९८८ मध्येच आला होता. टिपण खोटं पाडतं ते वेगळंच काही. कंपनीला हे माहीत नव्हतं, ही जी प्रतिमा उभी केली जात होती ती टिपणाने पाडली. दोन दावे आणि दोन पुरावे आहेत, आणि त्यांच्या जोड्या बदलून चालत नाहीत. बरोबर वाक्यं अशी होतील: ‘द रिपोर्ट ऑफ १९८८ गिव्हज द लाय टू द क्लेम दॅट निकोटिन इज नॉट ॲडिक्टिव्ह.’ आणि ‘द मेमो ऑफ १९६३ गिव्हज द लाय टू एनी सजेशन दॅट द कंपनी डिड नॉट नो.’

आणखी एक बारकावा. समितीपुढे उभा असलेला या कंपनीचा प्रमुख स्वतः जाणूनबुजून खोटं बोलला, हे यांपैकी एकही वाक्य म्हणत नाही. त्यासाठी त्याच्या मनात काय होतं याचा पुरावा लागेल, आणि तीस वर्षांपूर्वीचं दुसऱ्याचं टिपण तेवढं सांगत नाही. ज्याला हे तीन स्तर वेगळे ठेवता आले त्याला हा वाक्प्रचार आला असं मी म्हणेन. पत्रकारितेत जाणाऱ्या मुलांनी हे उदाहरण वहीत उतरवून ठेवावं.

शेजारचे शब्द

‘बिलाय’ हा सगळ्यात फसवा शेजारी आहे. त्याचा एक अर्थ ‘गिव्ह द लाय टू’सारखाच आहे, पण दुसरा बरोबर उलट्या दिशेने जातो. ‘हर स्माइल बिलाइड हर अँगर’ या वाक्यात हसू दिखाऊ आहे आणि राग खरा. म्हणजे खोटी गोष्ट आधी आली, खरी नंतर. ‘गिव्ह द लाय टू’मध्ये असं कधीच होत नाही. म्हणून ‘हर स्माइल गेव्ह द लाय टू हर अँगर’ लिहिलं तर वाचक म्हणेल, ती रागावलीच नव्हती की काय. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असं मानून एकाच्या जागी दुसरा टाकणाऱ्यांची इथे फसगत होते.

‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्याने किंवा युक्तिवादाने खोडून काढणे. आपल्या इंग्रजी बातम्यांत ‘द मिनिस्टर रिफ्यूटेड द ॲलिगेशन्स’ असं सर्रास येतं, तेव्हा मंत्र्याने फक्त आरोप नाकारलेले असतात. तिथे ‘डिनाइड’ हवं. हा फरक किरकोळ नाही. एका शब्दाने वार्ताहर नकळत मंत्र्याला निर्दोष ठरवून टाकतो. ‘रिबट’ म्हणजे प्रत्युत्तर देणे, मग ते पटो वा न पटो. ‘डिबंक’ लोकांत पसरलेल्या भ्रमासाठी, थोडा सैल बोलीतला. ‘डिस्प्रूव्ह’ विज्ञानात आणि गणितात. ‘काँट्रडिक्ट’ म्हणजे नुसतं विरुद्ध असणे, त्यात कोण बरोबर हे ठरत नाही.

कुठे लिहावा, कुठे लिहू नये

हा प्रयोग औपचारिक आहे. निबंध, अग्रलेख, इतिहासलेखन, परीक्षण, संशोधनाची प्रस्तावना ही त्याची जागा. गप्पांत किंवा मोबाइलवरच्या संदेशांत तो जड वाटतो. तिथे ‘दॅट प्रूव्हज ही वॉज राँग’ पुरेसं आहे. एका निबंधात तो एकदाच वापरा. दुसऱ्यांदा आला की पाठ केलेला दिसतो.

कार्यालयीन ईमेलमध्ये मात्र अजिबात नको. समजा ग्राहक म्हणतो की अहवाल मिळालाच नाही, आणि त्याच्याच सहकाऱ्याने पोच दिलेली तुमच्याकडे आहे. ‘युअर ओन ईमेल गिव्हज द लाय टू युअर क्लेम’ असं लिहिलंत तर समोरचा ‘लाय’ हाच शब्द वाचेल आणि बोलणं तिथेच थांबेल. ‘अवर रेकॉर्ड्स शो दॅट द रिपोर्ट वॉज रिसीव्ह्ड’ असं लिहून तारीख द्या, पोच जोडा. काम तेच होतं आणि संबंध टिकतो.

सभागृहांत तर ‘खोटं’ या शब्दाला आजही जुनी धार आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये एक सदस्य दुसऱ्याला खोटारडा म्हणू शकत नाही. २२ जुलै २०२१ रोजी खासदार डॉन बटलर यांनी पंतप्रधान पुन्हा पुन्हा खोटं बोलले असं म्हटलं आणि शब्द मागे घ्यायला नकार दिला. त्यांना त्या दिवसापुरतं सभागृहाबाहेर जावं लागलं. आपल्या लोकसभेत नियम ३८० नुसार असंसदीय किंवा बदनामीकारक शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. बाहेर लिहिणाऱ्यांनीही भान ठेवावं. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. ‘टू’च्या नंतर माणसाचं नाव न ठेवता त्याचा नेमका दावा ठेवला आणि पुरावा सोबत दिला, तर लिखाण सभ्य राहतं आणि जास्त भक्कमही होतं.

मराठीत आणताना

भाषांतर करणाऱ्यांनी एकच ठरलेला पर्याय धरून बसू नये. मराठीकडे यासाठी चांगली पुंजी आहे आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

आकडे किंवा नोंदी विरुद्ध दावा असेल तर ‘खोटा पाडला’ किंवा ‘निराधार ठरवला’. उदाहरणार्थ, ‘जनगणनेच्या आकड्यांनी हा दावा निराधार ठरवला.’ रुजलेला समज मोडला असेल तर ‘समजाला छेद दिला’. वृत्तपत्रांत आणि लेखांत हा प्रयोग इतका रुळला आहे की ‘गिव्ह द लाय टू द नोशन’साठी याहून नेमकं दुसरं काही शोधू नये. आशा किंवा भविष्यवाणी असेल तर ‘फोल ठरली’. मुद्दाम केलेला बनाव उघडकीस आला असेल तर ‘पितळ उघडं पडलं’ किंवा ‘बिंग फुटलं’. पण ‘टायटॅनिक’सारख्या ठिकाणी हे शेवटचे दोन चालणार नाहीत, कारण तिथे कुणी बनाव रचला नव्हता. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांत मराठी वाक्प्रचार फरक करतात, इंग्रजी वाक्प्रचार तो करत नाही. त्यामुळे इथे निर्णय भाषांतरकाराला घ्यावा लागतो, आणि मूळ मजकूर पुरता वाचल्याशिवाय तो घेता येत नाही.

बोलणं आणि वागणं यांतली विसंगती असेल, म्हणजे ‘हिज ॲक्शन्स गिव्ह द लाय टू हिज वर्ड्स’, तर ‘त्याच्या वागण्याने त्याचं बोलणं खोटं पाडलं’ हे बरोबर आहे. पण ललित मजकुरात ‘बोलतो एक, करतो भलतंच’ असं मोकळं वाक्य जास्त मराठी वाटेल. वाक्प्रचाराच्या बदल्यात वाक्प्रचारच आला पाहिजे असा हट्ट नको.

सराव

चार उदाहरणं देतो. आधी स्वतः लिहा, मग पुढचं वाचा.

‘ही गेव्ह अ लाय टू हिज टीचर अबाउट द होमवर्क’ हे पहिलं. इथे लिहिणाऱ्याला थाप मारल्याचं सांगायचं आहे. मग ‘ही लाइड टू हिज टीचर’ किंवा ‘टोल्ड हिज टीचर अ लाय’. आपल्या वाक्प्रचाराचा इथे संबंधच नाही.

दुसरं: १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘पिल्टडाउन मानव’ म्हणून एका कवटीचे अवशेष जाहीर झाले आणि माणूस व वानर यांच्यामधला दुवा सापडला असं सांगितलं गेलं. १९५३ मध्ये रासायनिक आणि इतर तपासण्यांतून कळलं की कवटी माणसाची आणि जबडा ओरांगउटानचा होता, दात कानशीने घासलेले होते. ‘केमिकल टेस्ट्स गेव्ह द लाय टू द क्लेम’ हे बरोबर. पण हा रचलेला बनाव होता, म्हणून इंग्रजीत ‘एक्स्पोज्ड द फ्रॉड’ जास्त थेट. मराठीत ‘पितळ उघडं पडलं’ इथे निःशंक वापरा.

तिसरं: ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. हिंदू स्त्रीला वैद्यकाचं शिक्षण झेपणारच नाही, असं मानणाऱ्यांचा तो काळ. दावा ‘झेपणारच नाही’ असा सरसकट आहे, म्हणून एक उदाहरण पुरतं: ‘हर डिग्री गेव्ह द लाय टू द नोशन दॅट अ हिंदू वुमन कुड नॉट बिकम अ डॉक्टर.’ मराठीत, ‘त्यांच्या पदवीने या समजाला छेद दिला.’

चौथं जरा काळजीने सोडवा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसने टेनिसचं कांस्यपदक जिंकलं. ते भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, असं कुणी म्हणालं तर? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्य घेऊन आले होते. ‘जाधव्ज ब्रॉन्झ ऑफ १९५२ गिव्हज द लाय टू दॅट क्लेम’ हे वाक्य चोख आहे. पण त्यापुढे जाऊन ‘जाधव यांचं पदक भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ असं लिहिलंत, तर तुमच्याच वाक्याला कुणीतरी हाच वाक्प्रचार लावेल. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्डने मिळवलेली दोन रौप्यपदकं भारताच्या नावावर मांडली जातात. त्यामुळे दाव्यात ‘स्वतंत्र’ हा शब्द घाला आणि ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक’ असं लिहा.